चौथं प्रकरण माझ्याकडे

५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात बुक क्लब निघाला. नाव 'वाचू आणि वाढू'. एचआर मॅडमची आयडिया. स्वतःला सुधारण्याची पुस्तकं सगळ्यांनी मिळून वाचायची, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोलायचं. अकाउंट्समधला टॅली (याचं खरं नाव पगाराच्या स्लिपवर तेवढं उरलंय) नोटीस वाचून मॅडमकडे विचारायला गेला, की वाढणार कोण आणि जेवण कंपनीकडून का. अशा लोकांसाठीच क्लब हवा.

मी पहिलं नाव घातलं. खरं तर मला गरज नाही. पंपांच्या सर्व्हिस डेस्कवर आयुष्य गेलं, लोकांच्या तक्रारी ऐकण्यात. फोनवर मोटरचा आवाज ऐकून सांगतो, सील गेलंय की बेअरिंग. पण सीनिअरने नाव घातलं की पोरांना हुरूप येतो.

ही अजून बहिणीकडेच. मेव्हणीचं ऑपरेशन झालंय, सोबतीला कोणीतरी हवंच. झालं उन्हाळ्यात, पण दुखणी लांबतात. परवा साडूने फोटो पाठवला, मेव्हणी डोंगर चढून वर उभी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असणार.

जाताना ही म्हणाली होती, या घरात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तिचंही बरोबर आहे. भिंतींना रंग काढायला झालाय.

८ जानेवारी, गुरुवार

पहिली मीटिंग. पहिलं पुस्तक लवकर उठण्याबद्दल. जे यशस्वी झाले ते सगळे पाचला उठायचे म्हणे. उद्यापासून मीही. यात अवघड काय आहे?

९ जानेवारी, शुक्रवार

गजर लावायचा राहिला. ते काम हिच्याकडे होतं. सोमवारपासून नक्की.

१२ जानेवारी, सोमवार. पहाटे

उठलो! उठल्यावर काय करायचं ते पुस्तकात पुढे आहे आणि पुस्तक आता रिसेप्शनिस्टकडे गेलंय. चहा टाकला. साखर सापडेना. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं, शेवटी हिला फोन लावला.

घाबरीघुबरी होऊन तिने उचलला. कोण गेलं, म्हणाली. म्हटलं, कोणी नाही गेलं, साखर कुठेय. म्हणाली, पिठाच्या डब्याच्या मागे. मग फोन ठेवीना. नुसती होती फोनवर. एवढ्या पहाटे का उठलात, बरं आहे ना, असं काहीतरी विचारलं. म्हटलं, ठणठणीत. आणि मीच ठेवला. वेळेची किंमत, पान अकरा.

१५ जानेवारी, गुरुवार

नवं पुस्तक: ऐकण्याची कला. बजेट एकाच प्रतीचं. एकाने वाचून दुसऱ्याला द्यायचं तर सगळ्यांची पाळी येईपर्यंत निम्मे रिटायर होतील. एचआर मॅडमनी तोड काढली. कटरने पुस्तकाची शिवण उसवली, प्रकरणं सुटी केली, स्टेपल मारले आणि एकेकाला एकेक वाटलं. प्रत्येकाने आपलं प्रकरण वाचायचं, आठवडाभर वापरायचं, मग बाकीच्यांना सांगायचं. वेळ वाचतो, पुस्तकही वाचून होतं. याला म्हणतात मॅनेजमेंट.

चौथं प्रकरण माझ्याकडे. पाचवं टॅलीकडे. टॅलीने ते दुमडून खिशात घातलं. बिलासारखं.

१६ जानेवारी, शुक्रवार

हिला फोनवर सांगितलं की माझ्याकडे सध्या चौथं प्रकरण चालू आहे. ती म्हणाली, अगबाई, आणि पहिली तीन कधी झाली? मी शिवण, कटर, स्टेपल सगळं नीट समजावून सांगितलं. ती हसतच होती. फोन ठेवतानाही हसत होती. किती दिवसांनी हसली. नेमकं कशाला, ते मला ऑफिसात बसल्यावर कळलं. मग मीही हसलो, एकटाच. टॅली म्हणाला, काय झालं? म्हटलं, तुला नाही कळायचं.

नोंद: प्रकरण वापरायच्या आधीच गुण येतोय.

१८ जानेवारी, रविवार

प्रकरण दोनदा वाचलं. सगळं सार एका नियमात आहे. समोरच्याचं वाक्य संपलं की त्याचे शेवटचे तीन शब्द परत म्हणायचे. आवाज खालचा, शांत. मुख्य म्हणजे प्रश्नचिन्ह लावायचं नाही. प्रश्न ऐकला की माणूस सावध होतो. आपलं स्वतःचं मध्ये घुसडायचं नाही. आणि समोरचा गप्प झाला की ओळखायचं, त्याला वाटलंय, आपलं कोणीतरी ऐकलं.

प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय, 'पण इथे जवळजवळ सगळे एक मोठी चूक करतात. ती म्हणजे' आणि पान संपलं. पुढचं टॅलीच्या खिशात. जाऊ दे. जवळजवळ सगळे करतात म्हणजे काही जण करत नाहीत.

बाथरूमच्या आरशासमोर प्रॅक्टिस केली. आवाज छान लागतो.

१९ जानेवारी, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक. म्हणाला, नवा पंप आहे तरी पाणी चढत नाही. मी म्हटलं, पाणी चढत नाही. तो म्हणाला, तेच तर सांगतोय. मी म्हटलं, तेच तर सांगतोय. तो गप्प झाला. मग फोन ठेवला. परत त्याचा फोन नाही.

दिवसभरात बारीकसारीक धरून सगळ्या तक्रारी अशाच मिटल्या. बाजूच्या डेस्कवर मात्र आज फोन फार येत होते. त्याला प्रकरण तिसरं मिळालंय, तो तरी काय करणार.

२२ जानेवारी, गुरुवार

माझं प्रेझेंटेशन. न भूतो. सगळ्यांनी जोड्या लावून प्रॅक्टिस केली. एवढ्यात साहेब आत डोकावले. म्हणाले, सगळे आहात तर सांगून टाकतो, यंदा कोणालाच बढती मिळणार नाही. आम्ही सगळे खालच्या आवाजात, शांतपणे म्हणालो, बढती मिळणार नाही. साहेबांचा चेहरा खुलला. एवढी समजूतदार माणसं आपल्याकडे आहेत हे मला माहीतच नव्हतं, म्हणाले, आणि गेले.

टॅली रजेवर. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. पाचवं प्रकरण त्याच्याबरोबर गावाला गेलंय. मॅडम म्हणाल्या, काही बिघडत नाही, आल्यावर सांगेल.

मॅडमनी जाता जाता माझ्या मेव्हणीची चौकशी केली. म्हटलं, सुधारतेय.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी

आज जमलं. सविस्तर लिहितो.

हिने स्वतः फोन केला. एरवी मीच करतो, वीजबिल कुठेय, गॅसवाला कधी यायचा असतो वगैरे. आज तिचा आला आणि पहिल्याच वाक्याला मला कळलं, प्रकरण चारची वेळ आली. टीव्ही बंद केला. खुर्चीत ताठ बसलो.

बरंच बोलली. बहिणीकडे सगळे फार चांगले वागतात, त्याचाच त्रास होतो, म्हणाली. साडू ती समोर असली की मोठ्याने हसतसुद्धा नाहीत. सोफ्यावर पाय वर घेऊन बसावंसं वाटतं, पण दुसऱ्याचा सोफा. कितीही झालं तरी इथे माझं काही नाही, म्हणाली. मी म्हटलं, माझं काही नाही. मग तिने विचारलं, मी नसताना तुम्हाला घर कसं वाटतं. मी म्हटलं, घर कसं वाटतं. ती म्हणाली, हो, तेच विचारतेय मी. म्हटलं, तेच विचारतेय मी.

मोह झाला होता. खोटं का बोलू. सांगावंसं वाटलं, की संध्याकाळी ऑफिसातून येऊन कुलूप काढतो तेव्हा अजूनही आत कोणीतरी आहे असं धरून बूट काढतो. की परवा भात दोघांचा लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच खाल्ला. पण पान त्र्याहत्तर: आपलं मध्ये घुसडायचं नाही. जीभ आवरली. या वयात एवढा संयम सोपा नाही.

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाली, अहो, खरं सांगा, मी परत यावं असं तुम्हाला काही वाटत नाही?

मी एक श्वास घेतला. खालच्या आवाजात, शांतपणे, प्रश्नचिन्ह न लावता म्हटलं, काही वाटत नाही.

इतकं चोख मला आजवर जमलं नव्हतं. ती गप्प झाली. कितीतरी वेळ. मग 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला.

गप्प झाली! याच आठवड्यात येणार. लिहून ठेवतो.

२८ जानेवारी, बुधवार

रंगारी लावला. बाहेरची खोली फिकट पिवळी. तिला आवडतो. बहुतेक. कपाटं हलवली, माळ्यावरचं सामान झाडलं. शिंकून बेजार झालो. आली की दारातच म्हणेल, हे काय हो.

फोन नाही. विचार करत असेल. मनावरचं ओझं उतरलं की माणसाला झोप लागते, असं दुसऱ्या प्रकरणात आहे म्हणे.

३१ जानेवारी, शनिवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात लॅबमध्ये आहे, एरवी रविवारी करते. म्हणाली, बाबा, आईला काय बोललात तुम्ही? म्हटलं, काहीही बोललो नाही, शपथ. नुसतं ऐकलं. ती म्हणाली, आई रडतेय. म्हटलं, चांगलं लक्षण आहे, मोकळी होतेय. लेक काही बोलेना. म्हटलं, बघ, तुलाही वाटलं ना, बाबांनी ऐकलं? तिने फोन ठेवला. आजकालच्या मुलांना पेशन्स नाही. तिसरं प्रकरण तिला पाठवायला हवं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टॅली आला. पाचवं प्रकरण सांगितलं. सांगितलं कसलं, ओळीखाली बोट धरून वाचलं.

शेवटचे शब्द परत म्हणणं ही फक्त सुरुवात. त्यानंतर लगेच आपल्या मनात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. ते न सांगता नुसते शब्द परत केले, तर समोरच्याला तेच आपलं उत्तर वाटतं. विशेषतः त्याने प्रश्न विचारला असेल तर. ही ती मोठी चूक.

मी म्हटलं, परत वाच. त्याने परत वाचलं. तेच होतं.

एचआर मॅडमनी विचारलं, असा कोणाला काही अनुभव? सगळे एकमेकांकडे बघून हसले, बढती आठवून. मी म्हटलं, माझा एक कॉल यायचाय. उठलो. डबा तिथेच राहिला.

स्पेअर पार्ट्सच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. गास्केटचे खोके, व्हॉल्व्हचे खोके. तिथे मला ते वाक्य ऐकू आलं, तिला ऐकू आलं असेल तसं. मी परत यावं असं तुम्हाला काही वाटत नाही? काही वाटत नाही. आणि तेही इतक्या शांतपणे. आरशासमोर तयारी केलेल्या आवाजात.

तिथेच खोक्यावर बसलो.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी

शांत डोक्याने विचार केला. हा गैरसमज आहे. तांत्रिक. दोष माझा नसून क्लबच्या वाटपपद्धतीचा आहे. चार आणि पाच एकाच माणसाला द्यायला हवी होती. एचआरला लेखी कळवणार.

हिला समजावून सांगितलं की झालं. चौथं प्रकरण म्हटलं की परत हसेल.

फोन उचलत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उचलत नाही. रेंज नसेल.

८ फेब्रुवारी, रविवार

साडूंना लावला. त्यांनी लगेच मेव्हणीला दिला. मेव्हणीची तब्येत उत्तम आहे, आवाजावरून कळलं. म्हणाली, ती आता इथे नाही. पडदे शिवण्याच्या दुकानात काम धरलंय, जवळच खोली घेतलीय.

म्हटलं, ताई, एक गैरसमज झालाय, आमच्या ऑफिसात एक पुस्तक... तिने मध्येच तोडलं. म्हणाली, भाऊजी, त्या दिवशी तिची बॅग भरून दारात होती. टॅक्सीला फोन करायचा तेवढा बाकी होता. ती म्हणाली, एकदा विचारून बघते. नुसतं ये म्हणाले तरी निघते.

मी विचारलं, कोणत्या दिवशी? कोणत्या ते मला माहीत होतं. तरी विचारलं.

मेव्हणी म्हणाली, पुस्तकात बघा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

क्लबने मला महिन्याचा उत्कृष्ट श्रोता म्हणून निवडलं. बक्षीस म्हणून कॉफीचा मग दिला, त्यावर कान छापलाय. टाळ्या झाल्या. फोटोसाठी साहेब बाजूला उभे राहिले. मी हसलो असं फोटोत दिसतं.

दुपारी एका बाईंचा फोन आला, पंप मधूनच बंद पडतो. त्यांचं बोलून झालं आणि मला पुढे काहीच सुचेना. त्या म्हणाल्या, ऐकताय ना? म्हटलं, ऐकतोय. माणूस पाठवतो.

सहावं प्रकरण रिसेप्शनिस्टकडे आहे. रुसलेल्या माणसाशी कसं बोलावं, यावर. तिने स्वतःहून आणून दिलं, म्हणाली, काका, तुम्ही वाचून घ्या. या पोरींना सगळं कळतं. घेतलं नाही. रविवारी जाणार आहे. जे काय असेल ते माझं मी बोलणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलणार काय ते ठरवायला बसलो. एकच वाक्य झालं. पुरे आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

गेलो. दुकानाच्या मागे जिना, वर खोली. खिडकीला तिने शिवलेला पडदा. एक पलंग, दोन खुर्च्या, गॅस. मला बघून दचकली नाही. या, म्हणाली. चहा टाकला. साखर हाताशीच होती.

चपला काढायच्या आत बोललो. नाहीतर राहिलं असतं. म्हटलं, मला तुझ्याशिवाय करमत नाही. घर खायला उठतं. त्या दिवशी मी जे म्हणालो ते माझं नव्हतं, तू म्हणालेलंच मी परत म्हणालो, पुस्तकात तसं होतं. माझ्या मनात होतं की तू ये. लगेच ये. तेवढंच होतं मनात. एवढा माणूस मी, दारात उभा राहून रडलो.

तिने बसायला सांगितलं. पाणी दिलं. ती गप्प होती, आणि गप्प असण्याचा अर्थ मी या वेळी लावला नाही.

मग म्हणाली, खरंय तुमचं, मला पटतं. तुम्ही मुद्दाम नसणार केलं. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी रडून रडून दमले, आणि मग लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण असेच बोलत होतो. तेव्हा तर पुस्तक नव्हतं. आता मला इथे बरं वाटतं. रागाने नाही सांगत. परत यावंसं आता मला वाटत नाही.

ते तीन शब्द तोंडाशी आले. सवयच लागलीय. दात घट्ट मिटले.

नंतर ती दुकानाबद्दल बोलत होती. मालकीणबाई विसरभोळ्या, माप एका खिडकीचं घेतात आणि पडदा दुसरीचा कापतात. सांगताना हसली. पाय वर घेऊन बसली होती. मी ऐकत होतो. एक अक्षर मध्ये बोललो नाही, बोलावंसंच वाटलं नाही. ही एवढी गोष्टीवेल्हाळ आहे हे मला माहीत नव्हतं. की माहीत होतं आणि विसरलो?

म्हणाली, दुकानातलं मशीन सारखं अडतं. म्हटलं, घरचं तुझं मशीन पाठवू का?

तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, पाठवाल? मला मागायचंच होतं, पण कसं मागू कळत नव्हतं. बरं झालं, स्वतःहून म्हणालात.

बसमध्ये मागच्या सीटवर बसलो. तोंड खिडकीकडे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. क्लबमधून नाव काढा असा निरोप दिला. मॅडमचा फोन आला, मेव्हणीला परत त्रास होतोय का? म्हटलं, नाही.

टेम्पोवाला आला, बरोबर त्याचा भाऊ. मशीन बिडाचं, जड. मीही एका बाजूने धरलं. दारातून काढताना पिवळ्या रंगाला ओरखडा गेला. टेम्पोवाला ओशाळला. म्हटलं, राहू दे.

खाली दोरी बांधताना विचारलं त्याने, शिफ्टिंग का, बाकी सामान कधी? म्हटलं, बाकी इथेच राहणार. मग हे कोणाचं? म्हटलं, बायकोचं. मग वहिनी?

मेव्हणीचं ऑपरेशन जिभेवर आलं होतं. म्हटलं, ती आता इथे राहत नाही.

त्याला त्याचं काही नव्हतं. पत्ता परत विचारून घेतला. मग म्हणाला, जिना आहे ना, उतरवून घ्यायला तिथे कोणी आहे का घरात?

म्हटलं, आहे. ती आहे घरात.